मोबाइल बंद केला, तर पोरगा आजोबांच्या टॅबवर

प्रश्न (मनीषनगर, नागपूर): मुलगा चौथीत. मे महिना, पारा 45 च्या आसपास, दिवसभर कूलरसमोर बसून शॉर्ट्स पाहून राहते. फॅमिली लिंकमध्ये (पोरांच्या मोबाइलवर लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप) रोजची 2 तासांची मर्यादा टाकली. मोबाइल लॉक झाला की आजोबांचा टॅब! आजोबा म्हणतात, "राहू दे न पोराला, बाहेर ऊन पाहा." काय करावं?

उत्तर १: ताई, रोजची मर्यादा प्रत्येक उपकरणाला वेगळी लागते. टॅबवर त्याचं खातं टाकलं तरी तिथं वेगळे 2 तास मोजले जातील. वाटून द्या, दोन्हीवर 1-1. आता तर टॅबवर आजोबांचं खातं आहे, म्हणजे मर्यादाच नाही. टॅबला पिन टाका, पण पोराच्या वाढदिवसाची नको!

उत्तर २: नुसते तास मोजू नका. यूट्यूबला वेगळी मर्यादा द्या, रात्री 9 पासून झोपेची वेळ लावा. लॉक झाला तरी फोन उचलता येते. आमच्याकडे भांडण अर्ध्यावर आलं. अन् सहानंतर फुटाळा तलावावर न्या, तोवर ऊन उतरते.

प्रश्नकर्ती: पिन टाकला जी. आजोबांच्या लक्षात राहत नाही, पोरगाच त्यांना सांगून राहिला.