सारायकॉयच्या गरम झऱ्यांचे पाणी शेतीला चालते का?

प्रश्न: तुर्कस्तानच्या देनिझ्ली प्रांतात, ब्युयुक मेंदेरेस नदीच्या खोऱ्यातील सारायकॉय या कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात गरम पाण्याचे झरे आहेत. ते पाणी निववून पिकांना देता येईल का?

उत्तर १: देऊ नये. या पाण्यात बोरॉन हे मूलद्रव्य फार असते. पिकाला ते अत्यल्प लागते. प्रमाण वाढले की जुन्या पानांचे शेंडे आणि कडा आधी पिवळ्या पडतात, मग करपतात. जवळच्या किझिलदेरे येथे १९८४ मध्ये सुरू झालेल्या भूऔष्णिक (जमिनीखालच्या उष्णतेवर चालणाऱ्या) वीज प्रकल्पाचे वापरलेले पाणी पूर्वी याच नदीत सोडले जात असे आणि खालच्या अंगाची शेते त्याच नदीवर भिजत, ही बाब मला अत्यंत गंभीर वाटते. असे पाणी पुन्हा खोल विहिरींतून भूगर्भातच सोडले पाहिजे.

उत्तर २: सहमत आहे, मात्र उष्णता जरूर वापरावी. तेथील हरितगृहांत भूऔष्णिक उष्णतेवर तापवलेले स्वच्छ पाणी नळ्यांतून फिरवून ऐन हिवाळ्यातही टोमॅटो घेतले जातात.

प्रश्नकर्ता: म्हणजे सिंचनाचे पाणी वेगळेच हवे. आभारी आहे.