मदत हवी आहे: जुन्या मुद्देमालाची डीएनए फेरतपासणी
चुकीच्या शिक्षेविरुद्ध फेरतपासणीचा अर्ज करायचा आहे. मुद्देमालात मुळाशिवायचा एक केस आणि स्वॅबचा (नमुना टिपून घेतलेल्या बोळ्याचा) जेमतेम अर्धा तुकडा. केसाला मायटोकाँड्रियल (फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएची) चाचणी लागेल, पण ती आईकडच्या सगळ्या नातलगांना सारखीच जुळते. म्हणजे वगळायला भक्कम, ओळख पटवायला लंगडी. स्वॅबवर पीडितेच्या पेशी भरपूर, म्हणून वाय-एसटीआर (फक्त पुरुषाचा डीएनए पाहणारी चाचणी). पण एकाच चाचणीत नमुना संपला तर विषयच संपला! निम्मा राखून ठेवण्याची अट अर्जातच मागावी, की आधी प्रयोगशाळेशी बोलावं?

शिवाय स्वॅब प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे (कागदी हवं होतं, प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी धरते) आणि ताब्याच्या नोंदीत (मुद्देमाल कोणाकडून कोणाकडे गेला त्या नोंदीत) एक सही गायब. ही त्रुटी आपणच आधी मांडावी का? सरकारी वकील नेमकं तिथेच बोट ठेवतील. असे अर्ज चालवलेल्यांनी कृपया सांगावं.