घरशाळेच्या तपासणीबद्दल: अर्जाचा मसुदा हवा आहे

वहीबाहेर: मुलगी घरीच शिकते. अशा मुलांची नोंदणी होणार, तपासनीस घर बघणार, तिच्याशी एकटीशी बोलणार, असा नियम येतोय म्हणे. मी एका पायावर तयार! फक्त नियम सगळ्यांना सारखा हवा. शाळेतली मुलंही शनिवार-रविवार आणि अख्खी सुट्टी घरीच असतात. कोणाच्या ताब्यात? आईबापांच्याच! तेव्हा शुक्रवारी दप्तर टाकलं की त्यांचीही नोंदणी व्हावी, असा अर्ज करायचाय. पालकांनी आराखडा द्यावा: रविवारी किती वाजता कंटाळा येणार, त्यातून अध्ययन निष्पत्ती काय. परवा मुलगी तासभर मुंग्यांची रांग बघत बसली, ते कुठल्या रकान्यात भरू?

चौकस: 'जीवशास्त्र'. साखर मुद्दाम सांडली असेल तर 'प्रयोग'. आपोआप सांडली असेल तर 'अस्वच्छता', त्याला वेगळा तपासनीस.

जुनाखडू: थट्टा बाजूला. इंग्लंडमध्ये घरी शिकणाऱ्या मुलांबद्दल सरकारने करवून घेतलेल्या २००९ च्या बॅडमन अहवालात सक्तीची नोंदणी, घरात प्रवेश, मुलाशी एकट्याने बोलणं, सगळं सुचवलं होतं. पालकांनी रान उठवलं. २०१० च्या निवडणुकीच्या तोंडावर सरकारच्या विधेयकातून घरशाळेची कलमं गळाली.

फळाताई: मी शाळेत शिकवते. टोमणा पोचला. पण कोणाच्याच यादीत नाव नसलेलं मूलही असतं, त्याचं काय? नोंदणीला हरकत कशाला?

वहीबाहेर: नोंदणीला नाही हो ताई, एक पानी फॉर्म आजच भरते. हरकत पोरीला खोलीत एकटीला बसवून प्रश्न विचारण्याला आहे. तीही उलट विचारेल म्हणा. सध्या अपूर्णांकांचा भागाकार चालू आहे, साहेबांनी तयारीने यावं.