मारणारा घरचाच असेल, तर आईने शोक कसा करावा?

प्रश्न (वाचक, फोंडा): बेथलेहेमजवळच्या बैत साहूर गावातील 21 वर्षांची तरुणी 2019 च्या ऑगस्टमध्ये मरण पावली, नातेवाइकांवर आरोप ठेवले गेले आणि पॅलेस्टिनी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. आमच्या वाचक मंडळात यावर बोलणे झाले, परंतु ते मारली गेलेली आणि मारणारा यांपाशीच थांबले. मागे राहिलेल्या आईचे, बहिणींचे काय होते?

उत्तर (वकील, म्हापसा): बैत साहूर ज्या पॅलेस्टिनी प्रदेशात येते, त्या वेस्ट बँकमध्ये आजही 1960 चा जॉर्डनी दंडविधान लागू आहे. त्याच्या कलम 99 नुसार मृताच्या कुटुंबाने आपला फिर्यादीचा हक्क सोडला की शिक्षा कमी करता येत असे. आणि मारणारा भाऊ किंवा बाप असेल, तर हक्क सोडणारे कुटुंबही त्याचेच. आपल्याकडे खुनाच्या खटल्यात तडजोड चालत नाही, म्हणून या तरतुदीची क्रूरता आपल्या चटकन लक्षात येत नाही. मुलगी गेलेली, मुलगा कोठडीत, आणि ‘आता निदान त्याला तरी वाचव’ असे आईला सांगणारे सगळे घरचेच. 2018 मध्ये या कलमात दुरुस्ती झाली; घरातला दबाव मात्र दुरुस्तीने उठत नाही.

उत्तर (समुपदेशक, मडगाव): वकीलसाहेबांनी आईचे सांगितले, मला बहिणींविषयी सांगायचे आहे. एरवी पॅलेस्टिनी घरात मृत्यू झाला की तीन दिवस सांत्वनाला माणसे येतात. पण ‘अब्रूसाठी’ मारली म्हटलेल्या मुलीचे नावच घरात घ्यायचे नसेल, तर तिच्यासाठी रडणे म्हणजे तिची बाजू घेणे ठरते. समाजाने मान्यताच न दिलेल्या अशा शोकाला मानसशास्त्रात अमान्य शोक म्हणतात. त्यात भीतीही मिसळलेली असते. पॅलेस्टिनी अभ्यासक नादेरा शालहूब-केव्होर्कियन यांनी तर स्त्रीहत्येची व्याख्याच रुंदावली आणि मरणाच्या धाकाखाली जगणेही तीत धरले. धाकट्या बहिणीला हा धाक कुणी बोलून दाखवावा लागत नाही. तिने तो डोळ्यांनी पाहिलेला असतो.

प्रश्नकर्ती: ताई, आभार. म्हणजे या बायका गप्प राहतात, त्याला संमती म्हणता येणार नाही.

उत्तर (समुपदेशक, मडगाव): मुळीच नाही. इस्रायलमधील रामला शहरात एका पॅलेस्टिनी कुटुंबातील अनेक स्त्रिया एकामागून एक मारल्या गेल्या होत्या. 2007 मध्ये आणखी एका मुलीचा खून झाला, तेव्हा तिच्या आईसह त्या घरातल्या बायकांनी पोलिसांपुढे साक्ष दिली. संशयित त्या आईचाच मुलगा होता.