किल्ल्यातली फौज मैदानात का उतरते?

गोदाकाठचा: लोकहो, फॅन्टसी कादंबरी लिहितोय, सात प्रकरणं झाली. वेढ्याच्या सीनमध्ये राजाची फौज दरवाजा उघडून बाहेर येते न् घोडदळ थेट भालेवाल्यांच्या भिंतीत घुसतं. बायको म्हणते भारीये, मित्र म्हणतो फेकतोयस. कोण बरोबर?

शेवचिवडा: मित्र. घोडा येडा आहे का रे, समोर टोकं दिसली की तो बिचकतो नाहीतर वळतो. रांग घाबरून फुटली की मग घोडदळाचं खरं काम. आणि तटबंदी सोडून सगळी फौज बाहेर कशाला, दाणागोटा संपलाय का? रात्री छोटी तुकडी काढायची, शत्रूचे मोर्चे, म्हणजे वेढ्यातल्या आडोशाच्या जागा, जाळायच्या, परत आत, हे पटतं.

पेठरोडकर: अरे लांब कशाला जाता, आपला नाशिकजवळचा रामशेज किल्ला बघा ना, १६८२ ला मोगलांनी वेढला आणि पुढची पाच-साडेपाच वर्षं झुंजवलं त्यांना, त्यांचा सरदार शहाबुद्दीन खानाने लाकडी दमदमा, म्हणजे तोफा चढवायचा उंच मनोरा, उभारला तरी घंटा काही झालं नाही. मागच्या रविवारी चढलो, वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, काठ झिजलेले. तुझ्या किल्ल्यात पाणी कुठेय ते आधी लिही.

गोदाकाठचा: पाण्याचं डोक्यातच नव्हतं राव.

शेवचिवडा: वेढा घालणाऱ्यांचं पण बघ, एका घोड्याला दिवसाला ३० लिटर तरी लागतं, हजार घोडे म्हटल्यावर नदीच पाहिजे. आणि एकदा पाऊस पाड. फ्रान्समधल्या अझँकूरच्या लढाईत १४१५ मध्ये फ्रेंच सरदार नांगरलेल्या शेतातल्या चिखलातच रुतले होते.

गोदाकाठचा: पाडतो. बायकोला काय सांगू पण?