वाटी का वजनकाटा?

रोज रंकाळ्याला चालतोय, कॅलरीच्या ॲपमध्ये सगळं खाणं वाटीनं मोजून टाकतोय तरी महिनाभर वजन तिथंच, खाणं तोलायचा काटा घेऊ काय?

— घे की भावा. आमच्या घरात तीन मापाच्या वाट्या हायत, कुठली धरणार? आणि भात कच्चा तोललास का शिजलेला ते बघ, १०० ग्रॅम तांदळात ३५० च्या आसपास कॅलरी, तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या भातात साधारण १३०, कारण पाणी.

— खरा घोळ तेलात. १५ मिलीचा एक चमचा म्हणजे १२० कॅलरी, आणि आमची आई फोडणीला बाटलीच वाकडी करते! बाटली काट्यावर ठेवून शून्य कर, तेल ओतून परत ठेव, जेवढं उणे दिसंल तेवढं तेल गेलं.

— मिसळीचा कट कसा तोलायचा?

— रविवारी काटा कपाटात ठेवायचा.