फ्रिजच्या दाराच्या रबरावर परत परत बुरशी येतेय, काय करू?

चिपळूणची_सून: आमच्याकडे पाऊस लागला की चपला, पट्टे, कपाटातल्या साड्या सगळ्यांवर बुरशी, त्याचं काही वाटत नाही आता, पण यंदा फ्रिजच्या दाराच्या रबरात खालच्या बाजूला काळे ठिपके आलेत. डबल डोअर आहे, जुना. पुसलं की जातं आणि आठवड्यात परत हजर! सासूबाई म्हणतायत ब्लीच ओत. ओतू का?

खवय्या_रत्नांग्री: ब्लीच नको हो, रबर कडक होऊन तडकतं. आणि व्हिनेगरबरोबर तर चुकूनही नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो. आधी फ्रिज बंद करा, कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून जुन्या मऊ टूथब्रशने घासा, रबराची घडी बोटाने उघडून आतपर्यंत, कारण खरी घाण तिथेच, सांडलेलं दूध, आमटीचे शिंतोडे वगैरे. मग पांढरं व्हिनेगर नि पाणी निम्मं निम्मं, त्यात भिजवलेली फडक्याची पट्टी 10 मिनिटं घडीत दाबून ठेवा नि पुसून घ्या. शेवटी चमच्याच्या दांड्याला सुती फडकं गुंडाळून घडी पार कोरडी करा. हे शेवटचंच लोक टाळतात.

काकू_नागपूर: मी तर खोबरेल तेलाचा हात फिरवते, रबर मऊ राहतं.

गॅसभरणारा: काकू, तेलाला धूळ नि खरकटं चिकटतं, नका लावू.
ताई, बुरशी परत येतेय म्हणजे तिथे पाणी धरतंय. दमट हवा फटीतून शिरते, गार रबराला लागली की पाणी सुटतं, तुमच्याकडे पावसाळ्यात तर विचारूच नका. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा, चारी बाजूंनी बघा. सुळकन आली तर तिथे रबर पकडत नाहीये. आत चुंबकाची पट्टी असते पण रबर चपटं झालं की ती टेकतच नाही. तेवढ्या भागावर हेअर ड्रायर लांबून फिरवा, मऊ झालं की बोटाने ओढून आकारात आणा. फ्रिजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवा म्हणजे दार आपोआप लागतं. एवढं करून नाही जमलं तर रबर बदला, बऱ्याच नवीन मॉडेलला खाचेतून ओढलं की निघतं, जुन्यांना स्क्रू असतात. दुकानात जाताना आतल्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घेऊन जा.

चिपळूणची_सून: घासलं सगळं. वास गेला पण बारीक ठिपके राहिलेच. नोट हँडलकडच्या कोपऱ्यात अलगद निघाली.

गॅसभरणारा: ठिपके म्हणजे रबरात मुरलेला डाग, चिकट लागत नसेल तर राहू दे. दारात पाण्याच्या बाटल्या किती ठेवता? वजनाने दार खाली येतं.

चिपळूणची_सून: दोन लिटरच्या चार 😅 काढल्यात. आता सासूबाई विचारतायत गार पाणी प्यायचं कुठलं.

खवय्या_रत्नांग्री: माठ आणा की!